चिमटा मोडतो, टाकी टिकते

नवीन पनवेलहून माथेरानच्या दिशेने निघालेल्या रस्त्यावर सुकापूर लागते. इथल्या एखाद्या जुन्या इमारतीच्या गच्चीवर मे महिन्यात गेलात, तर प्लास्टिकच्या वस्तूंची दोन टोके शेजारी शेजारी दिसतात. एका कोपऱ्यात पाण्याची काळी टाकी असते, कैक उन्हाळे काढूनही धडधाकट. तिच्या बाजूलाच दोरीवर कपड्यांचे चिमटे असतात आणि दाबायला जावे तर ते हातातच मोडतात. गेल्या पावसाळ्यात पत्र्यावर टाकलेली निळी ताडपत्री घडी घालायला उचलली, तर तिचे पापुद्रे निघतात. पांढऱ्या खुर्चीवर हात फिरवला तर तळहाताला पूड लागते, आणि एके दिवशी ती खुर्ची बसणाऱ्यासकट खाली येते.

ऊन सगळ्यांना सारखेच लागते, पाऊसही तोच. टाकी आणि ताडपत्री तर एकाच कुळातल्या, दोन्ही पॉलिइथिलीनच्या. मग एकीला वर्षभरात म्हातारपण येते आणि दुसरी वर्षानुवर्षे पाणी सांभाळते, हे कसे? त्यातून मोडलेली खुर्ची काट्यावर ठेवली तर तिचे वजन नवी असतानाइतकेच भरते. ती झिजलेली नाही, विरघळलेली नाही. तिच्यातून काही गेलेच नसेल, तर ताकद कुठे गेली?

मेणबत्ती आणि बादली

मेणबत्ती बोटांनी सहज मोडते. पॉलिइथिलीनची बादली आपटली तरी फुटत नाही. आश्चर्य असे, की दोन्हींचे रसायन जवळपास एकच आहे. एका कार्बनला दोन हायड्रोजन, त्याला जोडून पुढचा कार्बन, त्यालाही दोन हायड्रोजन, अशी ही माळ. मेणाच्या रेणूत साधारण वीस ते चाळीस कार्बन असतात. बादलीच्या रेणूत दहा हजारांच्या घरात असतात. फरक एवढाच, फक्त लांबीचा.

अशा लांबलचक रेणूंना पॉलिमर म्हणतात, आणि ते खरोखरच इतके लांब असतात हे पटवून द्यायला एका माणसाला बरीच वर्षे झगडावे लागले. जर्मनीतील हर्मान श्टाउडिंगर यांनी १९२० मध्ये ही कल्पना मांडली, तेव्हा अनेक नामवंत रसायनशास्त्रज्ञांना ती मान्य नव्हती. एवढा मोठा रेणू असूच शकत नाही, लहान रेणूंचे पुंजके असतील, असे त्यांचे म्हणणे. श्टाउडिंगर यांना नोबेल मिळाले ते १९५३ मध्ये.

आपल्या रायगड जिल्ह्यातच या माळा ओवल्या जातात. नागोठण्याच्या गॅस क्रॅकर प्रकल्पात वायूपासून इथिलीन आणि प्रॉपिलीन हे छोटे रेणू काढतात आणि ते हजारोंनी जोडून पॉलिइथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन तयार करतात. कारखान्यातून बाहेर पडतात ते साबुदाण्याएवढे दाणे. पुढे त्यांची बादली, खुर्ची, दोरी, ताडपत्री होते.

शेवयांचा गुंता

लांबीमुळे ताकद का यावी? शिजवलेल्या शेवयांकडे पाहा. शेवया लांब असतील तर चमच्याने थोड्या उचलायला जावे आणि अख्खा पुंजका वर यावा, असे होते. एक शेवई दहा शेवयांभोवती गुंतलेली, त्या दहा आणखी कशात तरी अडकलेल्या. कुणीही कुणाला चिकटवलेले नाही, तरी सुटता सुटत नाहीत. त्याच शेवया चुरून शिजवल्या तर चमच्यात येतील तेवढ्याच येतात, बाकीच्या घसरून जातात. शेवईचे पीठ बदललेले नाही, चवही तीच आहे. लांबी गेली आणि गुंता गेला.

मेणाचे रेणू म्हणजे हा चुरा. ते एकमेकांवर ओळीने नीट रचले जातात, पण ओढ बसली की घसरतात आणि वस्तू मोडते. पॉलिमरची साखळी मात्र गुंत्यातून सुटायच्या आधी ताणली जाते, वळते, उलगडते, आणि या सगळ्यात धक्क्याची शक्ती जिरवते. ‘चिवटपणा’ म्हणतात तो हाच.

घट्ट झालेल्या पॉलिइथिलीनमध्ये आणखी एक रचना असते, आणि पुढचे सारे तिच्यावर अवलंबून आहे. साखळ्यांचे काही भाग घडीवर घडी घालून नीटस गठ्ठे बनवतात. या गठ्ठ्यांना स्फटिक म्हणतात. दोन गठ्ठ्यांच्या मधला भाग मोकळा आणि विस्कळीत असतो. काही साखळ्या एका गठ्ठ्यात सुरू होतात, मोकळ्या पट्ट्यातून जातात आणि दुसऱ्या गठ्ठ्यात शिरतात. भार वाहतात त्या मुख्यतः या मधल्या साखळ्या. त्या संख्येने थोड्या असतात. आणि हवेतला ऑक्सिजन घट्ट गठ्ठ्यात शिरू शकत नसला, तरी या मोकळ्या पट्ट्यात सहज शिरतो. म्हणजे घाव पडतो तो नेमका वर्मी.

पहिला दुवा कसा तुटतो

जमिनीवर पोहोचणाऱ्या सूर्यप्रकाशात अतिनील किरणांचा थोडा अंश असतो. त्यातल्या सर्वांत प्रखर किरणाच्या एका कणात कार्बन-कार्बन बंध तोडण्याइतकी ऊर्जा असते. पण शुद्ध पॉलिइथिलीन हे किरण शोषतच नाही, ते आरपार जातात. शोषतात त्या त्याच्यातल्या अशुद्धी: उत्प्रेरकाचे राहिलेले कण, आणि वस्तू साच्यात घालताना वितळवली तेव्हा तापलेल्या हवेने साखळीवर इथे-तिथे चिकटवलेला ऑक्सिजन. म्हणजे चिमट्याच्या अंताची सुरुवात तो बनतानाच झालेली असते.

अशा एखाद्या जागी किरण पडला की बंध तुटतो आणि ‘मुक्त मूलक’ तयार होतो. ज्याच्याकडे एक एकटा, जोडीदार नसलेला इलेक्ट्रॉन आहे, असा हा रेणूचा तुकडा. तो जोडी शोधतो, म्हणून शेजारच्या साखळीतला हायड्रोजन ओढून घेतो. आता ती साखळी मूलक बनली. तिला ऑक्सिजन लगेच येऊन बिलगतो. ऑक्सिजन बिलगलेली साखळी पुढच्या साखळीचा हायड्रोजन ओढते आणि स्वतः ‘हायड्रोपेरॉक्साइड’ होऊन बसते. हा गट फार नाजूक असतो. थोडे ऊन, थोडी उष्णता मिळाली की तो फुटतो आणि एकाच्या जागी दोन मूलक सुटतात. त्यातला साखळीवरचा मूलक सावरताना शेजारचा कार्बन-कार्बन बंध सोडून देतो. साखळी तिथे तुटते, आणि तुटल्या टोकाशी ऑक्सिजनचा असा गट उरतो जो पुढचे अतिनील किरण आणखी चांगले शोषतो.

पॉलिप्रॉपिलीनची गत आणखी वाईट. त्याच्या माळेत एकाआड एक कार्बनला एक फांदी असते. फांदी असलेल्या कार्बनवरचा एकुलता हायड्रोजन सैल धरलेला असतो, त्यामुळे मूलकाला तो चटकन मिळतो. बहुतेक खुर्च्या आणि कित्येक चिमटे पॉलिप्रॉपिलीनचे असतात. कपडे वाळत घालायची दोरीही बऱ्याचदा त्याचीच असते, दुकानदार तिला नायलॉन म्हणत असला तरी. बोटभर तुकडा साबणाच्या पाण्यात बुडवून सोडा. तळाशी गेला तर नायलॉन असू शकेल. तरंगला तर पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिइथिलीन.

आता वजनाच्या कोड्याकडे येऊ. दहा हजार कार्बनांच्या साखळीत दहा हजार दुवे. त्यातला मधला एकच तुटला, तर तुटले दहा हजारांत एक आणि लांबी झाली निम्मी. आणखी दोन-तीन तुटले की गुंता टिकवण्याइतकी लांबी उरत नाही. तोवर पदार्थ जवळजवळ सगळाच्या सगळा तसाच आहे, उलट ऑक्सिजनमुळे वजनात कणभर भरच पडलेली असते. साध्या रासायनिक तपासणीला जो बदल ‘नगण्य’ वाटेल, तो खुर्चीच्या पायासाठी जीवघेणा असतो. मला या साऱ्या विषयातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच वाटते.

कालपर्यंत तर चांगली होती

खुर्ची मोडली की घरोघरी हेच वाक्य ऐकू येते, आणि ते खरे असते. एका हायड्रोपेरॉक्साइडमधून दोन मूलक सुटतात, दोघांतून पुढे अनेक. त्यामुळे ही क्रिया सुरुवातीला संथ असते आणि मग एकदम वेग घेते. शिवाय कारखान्यातच दाण्यांत ‘अँटिऑक्सिडंट’ मिसळलेले असतात. मूलक साखळीवर झडप घालण्याआधी ते त्याला आपला हायड्रोजन देऊन शांत करतात आणि त्यात स्वतः खर्ची पडतात. ते शिल्लक आहेत तोवर वस्तूत काहीच फरक दिसत नाही. ते संपले की घसरण सुरू होते, आणि संपल्याची कुठलीही खूण बाहेर दिसत नाही.

दुसरे कारण पृष्ठभागाचे. ऊन आणि ऑक्सिजन फार खोल जात नाहीत, म्हणून वरचा एक पातळ थर आधी ठिसूळ होतो. तुटून मोकळे झालेले साखळीचे तुकडे शेजारच्या स्फटिकात जाऊन बसतात. त्यामुळे हा थर आकसतो आणि त्याला बारीक भेगा पडतात. खुर्चीवरून हाताला लागते ती पूड म्हणजे हा भेगाळलेला थर आणि त्यातून उघडे पडलेले खडूसारख्या भरावाचे कण. आतला गाभा अजून चांगला असतो. पण वाकवल्यावर वरची भेग टोकदार होऊन आत धावते, आणि गाभ्याला ताणले जायला वेळच मिळत नाही. जाड खुर्ची तडकन मोडते ती अशी. ताडपत्रीला तर गाभाच नसतो. ती पातळ पट्ट्या विणून केलेली, सगळी पृष्ठभागच.

टाकी काळी का?

टाकीतल्या पॉलिइथिलीनमध्ये काजळीची बारीक पूड, म्हणजे कार्बन ब्लॅक, कालवलेली असते. पाण्याच्या काळ्या पाइपांत तिचे प्रमाण साधारण दोन ते तीन टक्के ठेवतात. ही काजळी अतिनील किरण वरच्या वरच गिळते आणि त्यांची उष्णता करून टाकते, शिवाय काही मूलकांनाही धरून ठेवते. टाकीची भिंत जाड, आणि आतपर्यंत काजळीच काजळी. पांढऱ्या टाक्या फोडून पाहिल्या तर त्यांच्यातही बहुधा एक काळा थर सापडतो.

ताडपत्रीचा निळा रंग या कामाचा नाही. तो डोळ्यांसाठी आहे. रंगीत वस्तू उन्हात टिकवायच्या तर वेगळे रसायन घालावे लागते: ‘हिंडर्ड अमाइन’ गटातले स्थिरक, धंद्यातल्या बोलीत ‘हाल्स’. यांची करामत अशी, की मूलकाला शांत करून ते पुन्हा पहिल्या रूपात येतात आणि पुढच्याला सामोरे जातात. म्हणून टक्क्याच्या काही दशांश भागातही ते वर्षानुवर्षे पुरतात. ते महाग असतात, आणि स्वस्त ताडपत्रीत पहिली काटछाट त्यांचीच होते. जूनच्या तोंडावर बाजारात दोन ताडपत्र्या शेजारी ठेवल्या तर त्यांच्यातला हा फरक डोळ्यांना दिसत नाही. तो किमतीत असतो, आणि पुढच्या मे महिन्यात कळतो.

चौकट: गच्चीवर आणि घरात
खुर्ची, बादली, चिमटे सावलीत ठेवल्याने जेवढे टिकतात तेवढे दुसऱ्या कशाने टिकत नाहीत.
हाताला पांढरी पूड लागू लागली, की ती खुर्ची म्हाताऱ्या माणसांना देऊ नये.
ताडपत्री घेताना ‘यूव्ही स्टॅबिलाइज्ड’ लिहिले आहे का ते पाहावे. पावसाळा संपला की ती उतरवून, कोरडी करून, आत ठेवावी.
न वापरता ठेवलेले जुने बूट प्रवासाला निघण्याच्या आठवडाभर आधी घालून चालून पाहावेत.

गुलाबाच्या घरात गंधक

घाट चढून पलीकडे मावळात गेले, की तळेगावच्या फ्लोरिकल्चर पार्कमध्ये गुलाबाची पॉलिहाउस दिसतात. त्यांच्यावरचा कागद पॉलिइथिलीनचा, साधारण २०० मायक्रॉन जाडीचा, आणि त्यात हाल्स घातलेले. गुलाबावर भुरी नावाचा बुरशीचा रोग येतो आणि त्यावरचा जुना, खात्रीचा उपाय म्हणजे गंधक. पण गंधकापासून ऊन आणि ओलावा यांच्या संगतीत आम्ले तयार होतात. हाल्स हे अमाइन, म्हणजे अल्कधर्मी. आम्लाशी गाठ पडताच त्यांचे क्षार बनतात, आणि क्षार झालेला हाल्स मूलकांना आवरू शकत नाही. साखळीला कुणी हात लावलेला नसतो, पण तिचे रक्षण करणारेच निकामी झालेले असतात. कागद ठरल्या मुदतीआधी फाटतो. म्हणूनच अशा कागदाच्या हमीपत्रात गंधकाच्या वापरावर मर्यादा घातलेली असते. शेतकऱ्याने ती ओळ वाचायलाच हवी, कारण एका रोगावरचा उपाय आणि छपराचे आयुष्य यांच्यात तिथे थेट रासायनिक नाते आहे.

बंद कपाटातले बूट

सुकापूरच्या दमट हवेत आणखी एक कोडे घरोघरी आहे. लग्नासाठी घेतलेले चांगले बूट खोक्यात घालून कपाटात ठेवले. चार-पाच वर्षांनी काढले, तर वरचे चामडे उत्तम आणि तळवा मात्र चार पावलांत भुगा होऊन गळाला. इथे ऊन नाही, वापरही नाही. मग झाले काय?

हे तळवे पॉलियुरेथेनचे, आणि त्याच्या एका प्रकारात साखळीचे दुवे ‘एस्टर’ जातीचे असतात. आम्ल आणि अल्कोहोल जोडले गेले की एस्टर बनते आणि पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. हीच क्रिया उलटही चालते: पाणी आत शिरले की एस्टर तुटून पुन्हा आम्ल आणि अल्कोहोल होते. सुटलेले आम्ल पुढच्या दुव्याच्या तुटण्याला वेग देते. बंद खोक्यात ओलावा मुरत राहतो आणि तळवा आतून, सगळीकडे एकाच वेळी मोडत जातो. म्हणूनच तो तडकत नाही, त्याचा भुगा होतो. पाण्याला दाद न देणारा पॉलियुरेथेनही मिळतो. त्यात ‘इथर’ दुवे असतात. पण ऊन आणि ऑक्सिजनपुढे तो कमी टिकतो. एकाच दुव्यात सगळे गुण मिळत नाहीत.

रायगडमधल्याच पाताळगंगेला रिलायन्सचा पॉलिएस्टरचा कारखाना १९८२ मध्ये उभा राहिला. पॉलिएस्टर म्हणजे हेच एस्टर दुवे, हजारोंनी. तिथे साखळी वाढवायची असते म्हणून तयार होणारे पाणी सतत काढून घेतात. उलट, पाण्याच्या बाटलीसाठी पॉलिएस्टरचे, म्हणजे पेटचे, दाणे वितळवण्याआधी ते गरम हवेत तासन्‌तास वाळवावे लागतात. ओलावा लाखात पाच भागांहून जास्त राहिला तरी चालत नाही. राहिला, तर वितळताना तेवढेच पाणी साखळ्या कापते आणि बाटली कमजोर निघते.

आडवे दुवे

साखळी तुटली की ताकद जाते, तर साखळ्या एकमेकींना जोडल्या की ती वाढते का? वाढते, पण एका मर्यादेपर्यंत. कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट आणि थंडीत कडक होई. १८३९ मध्ये अमेरिकेत चार्ल्स गुडइयर यांना गंधकाबरोबर तापवलेले रबर दोन्ही ऋतूंत टिकते असे दिसले. गंधकाचे अणू शेजारच्या साखळ्यांमध्ये आडवे दुवे घालतात. थोडे दुवे पडले की रबरबँड होतो. बरेच पडले की कंगव्यासारखे कडक एबोनाइट. कुकरची जुनी रिंग कडक होते तेव्हा उष्णतेने तिच्यात नको तेवढे दुवे वाढलेले असतात. आणि ड्रॉवरमध्ये पडलेला जुना रबरबँड चिकट, लिबलिबीत होतो तेव्हा तिथे साखळ्या तुटलेल्या असतात. म्हातारपण एकच, पण दिशा दोन.

ताणाचाही यात हात असतो. बरणीच्या तोंडाला ताणून बसवलेल्या रबरबँडला काही महिन्यांत आडव्या चिरा पडतात, तसाच दुसरा सैल पडलेला असेल तर त्याला पडत नाहीत. हवेतला अत्यल्प ओझोन रबरातले दुहेरी बंध दोन्हीकडे तोडतो, पण ताणलेल्या रबरात तुटलेली टोके लगेच दूर सरकतात आणि चिरेच्या तळाशी ओझोनला नवी जागा उघडी मिळते.

या विषयात एक उलटा निष्कर्षही हाती आला आहे. एमआयटी आणि ड्यूक विद्यापीठातील संशोधकांनी २०२३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवले, की आडवे दुवे मुद्दाम कमकुवत ठेवले तर रबरासारखा पदार्थ फाटायला नऊपट कठीण होऊ शकतो. फाट पुढे सरकताना लांब, मजबूत साखळ्या तोडण्याऐवजी या कमजोर दुव्यांच्या वाटेने जाते. वाट सोपी, पण तिच्यावर दुवे फार, त्यामुळे एकूण खर्च वाढतो.

दुवे जोडण्याकडून पुन्हा तुटण्याकडे वळू. ऑक्सिजनचा फटका शस्त्रक्रियेलाही बसलेला आहे. कृत्रिम गुडघ्यात हाडांमध्ये बसवतात ती गादी अतिशय लांब साखळ्यांच्या पॉलिइथिलीनची असते. पूर्वी ती हवेतच गॅमा किरणांनी निर्जंतुक करत. किरणांनी मूलक निर्माण होत, ते वर्षानुवर्षे आत राहत, आणि हळूहळू ऑक्सिजनशी जुळून गादी ठिसूळ करत. आता निर्जंतुकीकरण ऑक्सिजनविना करतात, आणि काही गाद्यांमध्ये ई जीवनसत्त्व मिसळतात. शरीरात ते जे काम करते तेच इथे करते: मूलकाला हायड्रोजन देऊन शांत करणे.

पुन्हा जोडता येते का?

मध्यंतरी ‘आपोआप नष्ट होणाऱ्या’ पिशव्यांचा बराच गाजावाजा झाला. त्यांच्यात साखळी लवकर तुटावी म्हणून कोबाल्ट, मँगनीज, लोह अशा धातूंचे क्षार घालतात. त्या तुटतात खऱ्या, पण तुटून त्यांचे बारीक कण होतात, आणि कण झाले म्हणजे जंतूंनी खाल्ले असे होत नाही. युरोपीय संघाने २०२१ पासून अशा वस्तू विकायला बंदी केली. सुकापूरच्या गच्चीवरून उडालेले ताडपत्रीचे पापुद्रे हेच करतात. पहिल्या पावसात ते गटारातून गाढी नदीकडे जातात, आणि एकदा पापुद्रे झाले की ते कुणालाच वेचता येत नाहीत. ताडपत्री अखंड आहे तोवरच तिला उतरवायला हवे, यासाठी याहून मोठे कारण नको.

भंगारात मात्र सगळ्या तुटलेल्या साखळ्यांचे नशीब एक नसते. पेटच्या बाटलीतली साखळी वापरून-वितळवून आखूड झाली, तरी तिच्या टोकांवर पुन्हा जुळू शकणारे गट शिल्लक असतात. दाणे वितळू न देता निर्वातात तासन्‌तास तापवले आणि सुटणारे लहान रेणू काढून घेतले, की टोके जुळून साखळी परत लांब होते आणि पुन्हा बाटली करता येते. एवढा खटाटोप केला नाही तरी आखूड साखळी धाग्याला चालते. बऱ्याच उशांतले भरण आणि टी-शर्टचे कापड असे जुन्या बाटल्यांतून आलेले असते.

खुर्चीच्या पॉलिप्रॉपिलीनला ही सोय नाही. तिथे तुटतो तो कार्बन-कार्बन दुवा, आणि तुटलेल्या टोकावर ऑक्सिजन बसला की ती टोके नुसत्या तापवण्याने पुन्हा जुळत नाहीत. नव्या दाण्यांत थोडी थोडी मिसळून ती कुंडीत किंवा बादलीत खपवता येते, एवढेच. भंगारवाल्याला साखळ्या दिसत नाहीत, पण माल घेताना तो खुर्चीचा तुकडा हातात घेऊन वाकवतो. वाकताना घडीवर पांढरी रेघ उठली आणि तुकडा टिकला, तर साखळ्या अजून ताणल्या जाण्याइतक्या लांब आहेत. कट्‌ असा आवाज करून तो सरळ मोडला, तर नाहीत.